टपावरचा तंबू आला कुठून?

थार, जिम्नी किंवा व्ही-क्रॉस गाडी 'ओव्हरलँडिंग'साठी, म्हणजे राहायची-जेवायची सोय बरोबर घेऊन करायच्या लांबच्या प्रवासासाठी, सजवायला घेतली की यादी ठरलेली असते. टपावर रॅक, रॅकवर तंबू, बाजूला ऑनिंग (ओढून पसरायचं कापडी छप्पर), काचेलगत स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), मागे इंधनाचा जेरीकॅन, पुढे विंच (रुतलेली गाडी ओढायची दोराची चरखी), आत फ्रिज आणि दुसरी बॅटरी. ही यादी कुणी एकाने बसून केलेली नाही. यातली एकेक वस्तू वेगळ्या मुलुखात, वेगळ्या अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्मली. आपल्याकडे मात्र सगळा संच एकदमच आला, आणि ज्या अडचणींसाठी तो होता त्या बऱ्याचशा तिकडेच राहिल्या. सजवलेल्या गाड्या बिघडतात त्या बहुतेक या विसंगतीपायी.

'ओव्हरलँडर' हा मुळात ऑस्ट्रेलियातल्या गुरं हाकणाऱ्यांचा शब्द. १८३८ मध्ये जोसेफ हॉडन आणि चार्ल्स बॉनी यांनी न्यू साउथ वेल्समधून गुरांचा कळप जमिनीवरून थेट ॲडलेडला नेला. समुद्राने न नेता जमिनीवरून नेला, म्हणून ओव्हरलँड. गाड्यांचा संबंध आला तो पुढे नव्वद-एक वर्षांनी, आणि तोही लिबियाच्या वाळवंटात.

तिथे राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाअखेरीपासून फोर्डच्या गाड्या घेऊन वाळूच्या टेकड्या पालथ्या घालत होता. चाकांतली हवा कमी केली की टायरचा पसारा वाढतो आणि गाडी वाळूत रुतत नाही, रुतलीच तर चाकाखाली पोलादी पट्ट्या सरकवून ती काढता येते, उकळत्या रेडिएटरची वाफ बाहेर न सोडता पाणी पुन्हा आत घेता येतं: या युक्त्या त्याच्या मंडळींनी पक्क्या केल्या. १९४० मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटात लांबवर टेहळणी करणारी तुकडी उभारली तेव्हा त्या लष्करी शिस्तीत बसल्या. भारतीय सैन्याचीही एक लाँग रेंज स्क्वॉड्रन त्या वाळवंटात याच पद्धतीने हिंडली. आज प्लॅस्टिकचे रंगीत 'रिकव्हरी बोर्ड' मिळतात ते त्या पोलादी पट्ट्यांचेच वारस. या संपूर्ण यादीतली सर्वांत स्वस्त आणि उपयोगी गोष्ट मात्र हवा कमी करणं हीच राहिली आहे. मऊ वाळूत ३२ पीएसआयवरून १८-२० वर आलं की निम्मी रुतणी टळते. कडक रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायरच्या बाजूच्या भिंती तापून फाटतात. म्हणून हवा भरायचा कॉम्प्रेसर आधी घ्यावा आणि विंचचा विचार नंतर करावा. (गोव्याच्या किनाऱ्यावर हा प्रयोग करू नये. तिथे पुळणीवर गाडी घालायला बंदी आहे.)

जेरीकॅनही त्याच वाळवंटातून जगभर गेला. ब्रिटिशांचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके गळायचे की इंधनाचा मोठा हिस्सा वाटेतच जायचा. जर्मनांचा २० लिटरचा, तीन मुठींचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा कॅन हाती लागल्यावर त्यांनी तो जसाच्या तसा उचलला. 'जेरी' म्हणजे जर्मन, नाव तिथूनच. आता हिशेब आपल्याकडचा. लाहौलमध्ये तांदीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' अशी प्रसिद्ध पाटी होती. ५५ लिटरची टाकी आणि घाटात लिटरला ९ किलोमीटर धरले तरी गाडी ४९५ किलोमीटर जाते. म्हणजे लेहच्या वाटेवरही एक कॅन पुरतो, आणि सह्याद्रीत तर तो रिकामाच हिंडतो. तरी टपावर चार-चार कॅन बांधलेले दिसतात. डिझेलने भरलेला एक कॅन २१ किलोच्या आसपास जातो.

भारतात या छंदाचं बूड जीपमध्ये आहे. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं आणि त्याच सुमारास मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. वनखातं, पाटबंधारे, सर्वेक्षण, शिकारी, सगळ्यांची मदार जीपवर. त्याच्या जोडीला जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या 'पॅट्रोल' या गाडीवरून बनलेली लष्कराची जोंगा. ती लष्करी लिलावातून सुटून नागरिकांच्या हाती आली तेव्हा बऱ्याच जणांचा 'मॉडिफिकेशन'चा श्रीगणेशा झाला. १९८५ मध्ये जिप्सी आली: हलकी, चारही चाकांना कमानपाटे, टपाला कॅनव्हास. १९९४ मध्ये पुण्याची सुमो, सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरं घेऊन. सुमो आणि ट्रॅक्सच्या टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर बोजे, वरून ताडपत्री, आणि मुक्कामाला स्टोव्ह पेटवून खिचडी, हे दृश्य महाराष्ट्राला नवं नव्हतंच. वारीतल्या दिंड्यांचे ट्रक पाहिले तर पाण्याचा टँकर, भांडी, तंबू आणि शंभर माणसांचा स्वयंपाक यांची व्यवस्था कुठल्याही ओव्हरलँड गाडीपेक्षा चोख असते. फक्त त्याला इंग्रजी नाव नाही.

जुन्या गाड्यांना कॅरिअर का पेलायचा, हे नीट समजून घ्यायला हवं. टपाच्या दोन्ही कडांना पावसाच्या पाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असायची. कॅरिअरचे सहा-आठ पाय त्या पन्हळीवर आवळले जात आणि वजन थेट दाराच्या खांबांवर उतरे. नव्या गाड्यांना पन्हळ नाही. तिथे रॅक बसतो रूफ रेलवर किंवा टपातल्या मोजक्या बोल्टांवर, आणि मॅन्युअलमधला टपाचा भार कित्येकदा ५० ते १०० किलोच असतो. त्यात रॅकचं वजनही धरलेलं असतं, हे वाचायचं राहून जातं. फायबरच्या टपाला किंवा कापडी टपाला तर नुसत्या क्लॅम्पवर रॅक बसवूच नये. आतून पिंजरा करून वजन बॉडीच्या खांबांवर घ्यावं लागतं.

टपावरचा तंबू इटलीतून आला. १९५८ मध्ये तिथे त्याचं उत्पादन सुरू झालं, छोट्या फियाटवर बसेल अशा बेताने. पूर्व जर्मनीत तर १९७० च्या दशकात ट्राबांटच्या टपावर उलगडणारा तंबू मिळायचा. म्हणजे ही मुळात वाळवंटी शूरांची नव्हे, तर हॉटेल न परवडणाऱ्या कुटुंबांची सोय. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात तिचा स्वीकार झाला तो जनावरं, साप आणि धूळ यांच्यापासून उंचावर झोपता येतं म्हणून.

भाराचे प्रकार दोन. उभ्या गाडीवर तंबू, गादी आणि दोन माणसं मिळून २०० किलोच्या वर जातात आणि टप ते निमूट सोसतो. धावत्या गाडीची गोष्ट वेगळी. खड्ड्यात चाक आपटलं की तोच रॅक क्षणभर तिप्पट वजनाचा होतो, आणि बोल्टाभोवतीचा पत्रा थकत जातो. भेग आधी रंगावर केसासारखी दिसते, मग पावसात आतल्या कापडी छतावर डाग पडतो. आणखी एक हिशेब: जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर गुरुत्वमध्य असलेल्या २,००० किलोच्या गाडीवर १.९ मीटर उंचीला १०० किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य जवळजवळ ६ सेंटीमीटर वर सरकतो. त्यात गाडी ५० मिलिमीटरने उचलणारा लिफ्ट किट घातला की घाटातल्या वळणाला गाडी का डुलते ते वेगळं सांगायला नको.

कोकणातल्या पावसाळ्यात तर कापडी तंबूची परीक्षा वेगळीच. पॉलिकॉटनचं जाड कापड ओलं मिटून दोन-तीन दिवस ठेवलं की काळी बुरशी धरते, आणि ती पुढे निघत नाही. घरी पोचल्यावर त्याच दिवशी, निदान पार्किंगमध्ये का होईना, उलगडून वाळवायचा. गादीखाली हवा खेळायला जाळीचा थर लागतो, नाहीतर श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून गादी खालून भिजते आणि तंबू गळतो असा समज होतो.

फ्रिज आणि दुसरी बॅटरी ही जोडी ऑस्ट्रेलियातल्या उन्हाने लोकप्रिय केली. इथे चूक होते ती तारेत. ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना ४५ वॉटच्या आसपास घेतो. मे महिन्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ४०-४५ अँपिअर-अवर जातात. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी गाडी न हलवता दोन रात्री काढते. तेवढ्याच आकड्याची लेड-ॲसिड एकच रात्र काढते, कारण ती निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. अनेक फ्रिजमधला कॉम्प्रेसर १०.४ व्होल्टला आपोआप बंद पडतो. डिकीतल्या सॉकेटची कंपनीची तार बारीक असते. कॉम्प्रेसर सुरू होताना तीत व्होल्टेज पडतं, फ्रिज बंद होतो, पुन्हा सुरू होऊ पाहतो, पुन्हा बंद. बॅटरी भरलेली, आणि सकाळी दूध नासलेलं.

आकड्यात सांगायचं तर पुढच्या बॅटरीपासून मागे ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार आणि ३० अँपिअरचा चार्ज. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.८७ व्होल्ट वाटेतच संपतात, १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.३३. फ्यूज पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण तो फ्रिजसाठी नसतो, तारेसाठी असतो. मागची बॅटरी हाही विजेचा उगमच, म्हणून तिच्याजवळ दुसरा. पूर्वी दोन बॅटऱ्यांमध्ये साधा रिले (आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) चालायचा: १३.३ व्होल्टला जोडायचा, १२.८ ला सोडायचा. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या काळातल्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज स्वतःच खाली आणतो, रिले सुटतो आणि मागची बॅटरी अर्धपोटी राहते. म्हणून खाली आलेलं व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर घ्यावा लागतो, तोही बॉनेटच्या उष्णतेपासून लांब. स्पितीच्या हिवाळ्यात आणखी एक पथ्य: शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही. चांगल्या बॅटरीतलं सर्किट ते होऊ देत नाही, स्वस्त बॅटरीत पेशी कायमच्या खराब होतात.

स्नॉर्केल इथे लोकांना पटतो तो पावसाळ्यामुळे. पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा तर तो आणि दोन्ही ॲक्सलचे लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारे) कारखान्यातूनच घेऊन यायची. पण स्नॉर्केल फक्त इंजिनची हवा वरून घेतो. तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा डबा) थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि त्याचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, बुडालेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन आठवड्यांनी ऑइल चहासारखं दुधट निघतं आणि बेअरिंग घरघरायला लागतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनबेमध्ये उंच नेणं हे फार थोड्या खर्चाचं काम, तरी ते केलेलं क्वचित दिसतं. नळी दिसत नाही ना बाहेरून.

विंच, अवजड पुढचा बंपर, दिव्यांची माळ हा साज रुजवला १९८० ते २००० या काळात भरलेल्या 'कॅमल ट्रॉफी' मोहिमांनी. पिवळ्या लँड रोव्हर चिखलातून ओढत नेतानाची छायाचित्रं जगभर गेली. आपल्याकडे या साजाची गाठ कायद्याशी पडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की, आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने दिलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बंपरपुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पादचाऱ्याला होणारी इजा हे एक कारण. दुसरं असं की धडकेचा जोर बार थेट चासीला देतो आणि एअरबॅग नेमकी कधी उघडायची याचं गणित बिघडतं. बोल्ट काढून अर्ध्या तासात उतरवता येणारं सामान आणि कापून-वेल्ड करून केलेला बदल यांत व्यवहारात मोठा फरक पडतो. विमा कंपनीला मात्र दोन्ही आधी कळवलेले बरे.

टायरचा मोह यातच येतो. २३५/७० आर१६ च्या जागी २४५/७५ आर१६ बसवला तर चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने चाललेली असते, आणि एक गिअर कमी पडल्यासारखा वाटतो तो भास नव्हे.

सगळ्याचा शेवट वजनात. दोन माणसं १४०, रॅक-तंबू-ऑनिंग १०७, प्लायवूडचे ड्रॉवर ४५, भरलेला फ्रिज ३५, बॅटरी आणि वायरिंग १८, पाणी ४०, विंच प्लेटसह ४५, एक जेरीकॅन २१, शेगडी-सिलिंडर-कुकर १५ (कुकर हवाच, काझ्याच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही), कपडे-अंथरूण ३०, हत्यारं आणि पट्टे २०. बेरीज ५१६ किलो, आणि गाडीत अजून दोघंच बसलेत. बऱ्याच एसयूव्हींची माणसं आणि सामान मिळून वजन पेलायची एकूण सोय ४५० ते ६०० किलोची असते. मागे पाटा वाढवला किंवा जाड स्प्रिंग घातली की गाडी सरळ उभी राहते, पण ब्रेक, बेअरिंग आणि चासी तेवढ्याच वजनाचे राहतात.

म्हणून सामान बसवून झालं की टाकी फुल करून, माणसं आत बसवून महामार्गावरच्या वजनकाट्यावर जावं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तिन्ही पावत्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहायच्या. मागचा ॲक्सल बहुधा जास्त भरतो, आणि तेव्हा पहिल्यांदा उतरवायची वस्तू म्हणजे भरलेले जास्तीचे कॅन.