रातांब्याची साल, पान आणि बी

मे महिन्यात खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलं की तासाभरात बोटं लालभडक होतात. मग साबण लावावा, तर तोच रंग निळसर पडतो! ही करामत सायनिडिन गटातल्या रंगद्रव्यांची. आम्लात ती लाल असतात, आम्लता गेली की निळ्याकडे झुकतात. कोकमाची साल मुळातच जहाल आंबट, म्हणून आगळात, म्हणजे तिच्या घट्ट रसात, हा रंग टिकून राहतो. ऊन आणि उष्णता मात्र त्याला मानवत नाही. आमसुलं जुनी झाली की काळी पडतात ती उगाच नाही.

हीच रंगद्रव्यं अँटिऑक्सिडंटही, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी रोखणारीही, आहेत. ते तपासायची एक पद्धत बघण्यासारखी आहे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गर्द जांभळं द्रावण घ्यायचं आणि त्यात सालीचा अर्क घालायचा. डीपीपीएचच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीदाराविना असतो. अर्कातल्या रेणूंनी त्याला जोडीदार पुरवला की जांभळा रंग उतरतो आणि द्रावण पिवळट होतं. रंग जितका जास्त उतरेल, तितका अर्क दमदार. अर्थात हे परीक्षानळीतलं. पोटात गेल्यावर याच रेणूंची मोडतोड होते, त्यामुळे तिथला हिशोब वेगळा.

सालीत गार्सिनॉल नावाचं आणखी एक पिवळं द्रव्य असतं. सायनिडिन पाण्यात विरघळतं. गार्सिनॉल पाण्याला दाद देत नाही, त्याला तेल किंवा अल्कोहोल लागतं. त्यामुळे एकाच सालीचे पाण्यातले आणि अल्कोहोलमधले अर्क वेगवेगळे निकाल देतात. 'कोकमात अमुक इतके अँटिऑक्सिडंट' असं कुठे वाचलं, तर अर्क कशात काढला हे आधी विचारावं.

पानंही आंबट असतात. त्यांत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल ४ टक्क्यांच्या आसपास सापडलं आहे, सालीत १० टक्क्यांहून जास्त. वजन उतरवणाऱ्या गोळ्यांमधलं प्रसिद्ध आम्ल ते हेच. गोळ्यांसाठी ते बहुधा कोकमाच्या मलबारी भावंडाच्या फळांतून काढतात. १९९८ साली १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. खरी गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे, दोघांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

बीचा संसारच निराळा. रंग नाही, आंबटपणा नाही. वजनाच्या साधारण पाव भाग चरबी. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल काढायचं आणि थिजू लागलं की मुठीत वळून त्याचे गोळे करायचे. हे मुठेल सहसा खवट होत नाही, पण त्याचं श्रेय अँटिऑक्सिडंटना देण्याची घाई नको. त्यात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलिइक आम्लं असतात. तेल खवट करणारा ऑक्सिजन हल्ला करतो तो रेणूतल्या दुहेरी बंधांच्या जागी. स्टिअरिकमध्ये तसा बंध नाहीच, ओलिइकमध्ये जेमतेम एक. हा गोळा ४० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून भेगाळलेल्या टाचेला लावण्याआधी दिव्यावर जरा धरावा लागतो.