घरातली जुनी रायफल नेमकी कोणती?
(परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“आजोबांची रिग्बी आहे,” असं सांगत ग्राहक येतात आणि बोल्ट (दांडीने मागे-पुढे सरकणारा, नळी मागून बंद करणारा पोलादी दट्ट्या) बाहेर काढला की जर्मन माउझर निघते. यात फसवणूक काही नाही. रिग्बीसारखे लंडनचे नामांकित बंदूकवाले जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फहून माउझरची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो बसतो तो सांगाडा, मागवत, नळी आणि दस्ता आपला बसवत आणि वर आपलं नाव कोरत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बीसुद्धा माउझरच्याच अ‍ॅक्शनवर बांधलेली. तेव्हा नळीवरचं नाव शेवटी वाचा, आधी बोल्ट बघा. त्याही आधी मॅगझिन आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा.

१८९८ च्या माउझरच्या बोल्टला पुढे दोन लग (बोल्ट अडकवून धरणारे कान) असतात आणि मागे, दांडीजवळ, तिसरा. उजव्या अंगाला लांब पोलादी पट्टी दिसते, तो एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारी पकड. बोल्ट फिरतो, पट्टी जागची हलत नाही. सेफ्टी मागच्या टोकाला, पंखासारखी. दांडी वर उचलतानाच घोड्याची स्प्रिंग चढते. त्याआधीच्या १८९३ ते ९६ च्या माउझरला तिसरा लग नाही आणि स्प्रिंग बोल्ट बंद करताना चढते, म्हणून शेवटी हाताला जोर जाणवतो. दोन्ही माउझरच, पण ताकद सारखी नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची ‘तीनशे पंधरा’, म्हणजे .३१५ इंच मापाची. इंग्रज सरकारने .३०३ हे लष्करी काडतूस सामान्यांना बंद केलं, म्हणून .३१५ चालू झालं. अ‍ॅक्शन मात्र इंग्रज फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीचीच: लग मागच्या बाजूला, बोल्टचं डोकं वेगळं आणि आट्यांवर फिरवून निघणारं.

ऑस्ट्रियाची मानलिखर-शोनॉवर लांबूनही ओळखू येते. बोल्टची दांडी चपटी, मागचा पूल (बोल्टच्या वरून जाणारी सांगाड्याची कमान) मधोमध चिरलेला, मॅगझिन चकरीसारखं फिरणारं. आमच्याकडे क्वचितच येते.

आता खरी काळजीची गोष्ट. ‘आठ मिलिमीटर’ एवढंच सांगून काडतूस मागू नका. .३१५ इंच म्हणजेही आठ मिलिमीटरच, पण त्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, जर्मन ८ × ५७ ला (आठ मिलिमीटरचं, ५७ मिलिमीटर लांब टोपणाचं काडतूस) नसते. त्या ८ × ५७ मध्येही दोन प्रकार आहेत. जुन्याची गोळी सुमारे ८.०८ मिलिमीटर, नंतरच्या ‘एस’ची सुमारे ८.२. जर्मन लष्कराने १९०५ च्या सुमारास ‘एस’ घेतलं, तरी शिकारी रायफली त्यानंतरही जुन्या मापात बनत राहिल्या. अरुंद नळीत जाड गोळी गेली तर दाब धोक्याच्या पातळीला जातो. नळी मोजल्याशिवाय आम्ही माप सांगत नाही; कितीही घाई असली तरी.

वय ठरवायला तपासणीचे ठसे, म्हणजे नळीची चाचणी झाल्यावर तपासणी केंद्राने मारलेल्या खुणा, उपयोगी पडतात. जर्मन नळीवर मुकुट म्हणजे जुना काळ. गरुड आला तो १९३९ च्या कायद्यानंतर. बर्मिंगहॅमचा मुकुट आणि ‘बीएनपी’ हा ठसा १९५४ पासूनचा, मग घरात गोष्ट काहीही सांगत असोत. बरेच ठसे लाकडाखाली दडलेले असतात. ते दिसावेत म्हणून पॉलिश पेपर मारू नका. लष्करी रायफलीची शिकारी रायफल करताना चिन्ह घासून काढलेलं असतं, तिथला खळगाही आम्हाला पुरावा म्हणून लागतो.

वारशाने आलेली रायफलही परवान्यावर चढवावी लागते आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला साधारणपणे कमाल दोनच बंदुका ठेवता येतात. आधी नुसते फोटो घेऊन या: बोल्ट उघडा, बोल्ट बंद, आणि प्रत्येक ठशाचा जवळून एक. रायफल आणायची वेळ आली तर मूळ परवाना सोबत हवा. काडतुसं घरीच राहू द्या.