टॉवेल दिन

इंग्लिश विनोदी विज्ञानकथाकार डग्लस ॲडम्स (११ मार्च १९५२ – ११ मे २००१) यांच्या स्मरणार्थ दरवर्षी २५ मे रोजी पाळला जाणारा दिवस. चाहत्यांनी दिवसभर टॉवेल जवळ बाळगायचा, एवढाच याचा विधी.

त्याला आधार ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या कृतीचा. ती ८ मार्च १९७८ पासून बीबीसी रेडिओ ४ वर मालिकारूपाने ऐकवली गेली आणि १९७९ मध्ये कादंबरी झाली. कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात अंतराळातल्या फिरस्त्याला टॉवेल कसा उपयोगी पडतो हे गंभीर चेहऱ्याने सांगितले आहे : पांघरायला, अंथरायला, ओला करून मारामारीत फटकारायला, शिवाय एका महामूर्ख श्वापदापासून वाचायला (माणसाने तोंडावर टॉवेल घेतला आणि त्याला श्वापद दिसेनासे झाले, की श्वापदालाही माणूस दिसत नाही, असे ते समजते). मराठीत ‘पंचा दिन’ म्हणण्याचा मोह होतो, आणि ही यादी पाहता पंचा अधिक सोयीचाही ठरेल. पण ॲडम्स यांच्या मनातला टॉवेल समुद्रस्नानाचा आहे.

टॉवेलच्या उगमाची चर्चा करताना दोन आठवणी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली १९७१ मधली : ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झिंगलेल्या अवस्थेत शेतात पडून चांदण्या पाहताना ॲडम्स यांना आकाशगंगेतल्या फिरस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेची कल्पना सुचली. ही शीर्षकाची कथा, टॉवेलची नव्हे. शिवाय ती इतक्यांदा सांगितली की मूळ प्रसंगाऐवजी आता सांगणेच आठवते, अशी कबुली खुद्द ॲडम्स यांनी दिली होती. दुसरी कोर्फू या ग्रीक बेटावरच्या सुटीची : मित्रमंडळी समुद्रावर निघाली की रोज ॲडम्स यांचा टॉवेल सापडेना. ज्याला आपला टॉवेल कुठे आहे हे ठाऊक असते तो माणूस आयुष्यात व्यवस्थित असणार, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. टॉवेलपुरती हीच आठवण ग्राह्य धरणे योग्य. तिच्यात बढाई नाही, फजिती आहे.

दिनांकामागे गूढ शोधण्यात अर्थ नाही. ॲडम्स हृदयविकाराने वयाच्या ४९ व्या वर्षी कॅलिफोर्नियात वारले. तीन दिवसांत एका चाहत्याने ही कल्पना मांडली आणि मृत्यूनंतर बरोबर दोन आठवड्यांनी पहिला टॉवेल दिन झाला. कादंबरीत जीवन, विश्व आणि सगळ्याच गोष्टींविषयीच्या प्रश्नाचे जे ‘अंतिम उत्तर’ दिले आहे, म्हणजे ४२, तेवढ्या दिवसांचा मृत्यूपासून हिशेब धरला असता तर २२ जून आला असता. (मराठी कानाला ‘बेचाळीस’ म्हटले की चले जाव आठवते, त्याचा येथे संबंध नाही.) इंग्लिश विनोदी अद्भुतकथाकार टेरी प्रॅचेट यांच्या चाहत्यांचा, त्यांच्या एका कादंबरीवरून आलेला ‘गौरवशाली २५ मे’ त्याच दिवशी येतो, हा योगायोग.

२०१५ च्या टॉवेल दिनी इटालियन अंतराळवीर सामांथा क्रिस्टोफोरेत्ती यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून या कादंबरीतला उतारा वाचला. ॲडम्स यांच्या नावाचा लघुग्रहही आहे, क्रमांक २५९२४. त्याची तात्पुरती खूण ‘२००१ डीए ४२’ अशी होती : मृत्यूचे वर्ष, आद्याक्षरे आणि उत्तर.