अस्फटिकी अर्धसंवाहक

ज्या अर्धसंवाहकांतील, म्हणजे वाहक व निरोधक यांच्या दरम्यान वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांतील, अणूंच्या मांडणीत दूरवर टिकणारी नियमितता नसते, त्यांना अस्फटिकी अर्धसंवाहक म्हणतात. अस्फटिकी रूपातील सिलिकॉन व सिलिनियम, तसेच गंधक, सिलिनियम वा टेल्युरियमयुक्त काचा ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत.

रावेर-यावल भागातील केळीबागेच्या बांधावर उभे राहिले की ओळीतून पलीकडचा बांध दिसतो. स्फटिकाची रचना तशी असते. खोडाखोडांतील अंतर जवळजवळ तेच राहून ओळी मात्र थोड्या थोड्या वळत गेल्या, तर नजर चार झाडांपलीकडे पोहोचणार नाही. अस्फटिकी सिलिकॉनमध्येही बहुतेक अणूंना चार शेजारी असतात आणि बंधाची लांबी सुमारे ०.२३५ नॅनोमीटरच राहते. बंधांचे कोन बदलत गेल्याने पुढील रचना अनिश्चित होते. परिणामी इलेक्ट्रॉन वाटेत वारंवार अडकतात आणि त्यांची चलता, म्हणजे विद्युत् क्षेत्रात सरकण्याची सुलभता, स्फटिकी सिलिकॉनच्या सुमारे एक सहस्रांश उरते. प्रकाश शोषण्यात मात्र हा पदार्थ सरस असून अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा थर प्रकाशापासून वीज करणाऱ्या सौर घटासाठी पुरतो.

खरी अडचण जोडीदार न मिळालेल्या, लोंबत्या बंधांची होती. सिलेन या सिलिकॉन-हायड्रोजनच्या वायूच्या प्लाझ्मातून (विद्युत्भारित कणांच्या अवस्थेतून) थर बसवताना त्यात हायड्रोजन शिरतो व हे बंध बुजवतो. असा थर अपद्रव्ये मिसळून धन वा ऋण प्रकारचा करता येतो, हे स्पिअर आणि लेकोम्बर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवले आणि या शाखेचे भवितव्यच पालटले. पुढच्याच वर्षी कार्लसन व व्रॉन्स्की यांचा सौर घट प्रसिद्ध झाला.

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसवर जातो आणि उन्हातले पॅनल त्याहून बरेच तापते. २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे स्फटिकी सिलिकॉनची शक्ती सुमारे ०.४ टक्के घटते, तर अस्फटिकीची त्याच्या जवळपास निम्मी, सुमारे ०.२ टक्केच. म्हणून ६५ अंशांना पहिल्याची घट १६ टक्क्यांच्या, तर दुसऱ्याची ८ टक्क्यांच्या आसपास असते. तरीही मूळ कार्यक्षमता कमी असल्याने तेवढ्याच विजेसाठी जागा जास्त लागते, आणि बाजारात स्फटिकी पॅनलच वरचढ ठरले आहे.

प्रकाशाने नवे लोंबते बंध तयार होऊन कार्यक्षमता घसरते, हा स्टेब्लर-व्रॉन्स्की परिणाम १९७७ मध्ये नोंदला गेला. सुमारे १५० अंशांना काही तास तापवल्यास ही हानी भरून निघते. पॅनल एवढे तापत नाही. तरी उन्हाळ्यात काही अंशी सुधारणा होते आणि हिवाळ्यात ती पुन्हा ओसरते.