इसबगोलाची तहान

पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर इसबगोल टाकून ढवळा आणि पेला ओट्यावर ठेवून द्या. कुकरच्या तीन-चार शिट्ट्या होईपर्यंत त्याकडे बघू नका. मग पेला तिरपा करा. पाणी सांडणार नाही. आत एक थरथरणारा, बुळबुळीत गोळा बसलेला असेल.

वजन उतरवणाऱ्या तंतूंच्या (फायबरच्या) पुड्या आणि कॅप्सूल यांचं सगळं गणित या गोळ्यावर उभं आहे. इसबगोल, गवारीच्या बियांपासून निघणारा गवार डिंक, कोंजाक या कंदापासून मिळणारं ग्लुकोमॅनन (कोंजाक आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद, वनस्पतिशास्त्रात दोघांचं कुळ-गोत्र एकच) हे सगळे पाण्यात फुगणारे तंतू. ग्लुकोमॅनन तर स्वतःच्या वजनाच्या पन्नासपट पाणी धरू शकतं, असं सांगतात. जठरात हा गोळा जागा अडवतो, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो आणि भूक जरा उशिरा लागते. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये ग्लुकोमॅननने वजन उतरायला मदत होते हा दावा मान्य केला, पण अटी घालून: दिवसाला ३ ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी, एक-दोन पेले पाण्यासोबत, आणि मुळात जेवणातल्या कॅलरी कमी केलेल्या असतील तरच. शेवटची अट डब्यावर फार बारीक अक्षरात असते.

आता दुष्परिणामांकडे. सर्वांत जास्त होणारा त्रास म्हणजे पोट तटतटणं आणि वायू. आपल्याला जे तंतू पचत नाहीत ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आनंदाने खातात, आणि त्यांच्या या जेवणावळीतून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. सगळे तंतू सारखे नसतात. चिकोरीच्या मुळांपासून काढलेलं इन्युलिन जिवाणूंना झटपट फस्त करता येतं, म्हणून त्याने गुबारा जास्त धरतो. इसबगोल त्यांना फारसं खाता येत नाही, म्हणून ते त्या मानाने सोसतं. पण पहिल्याच दिवशी तीन चमचे घेणाऱ्याला कोणताच तंतू माफ करत नाही. हे जिवाणू नव्या खाद्याला हळूहळू सरावतात, त्यांना दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

खरा धोका वेगळा आहे आणि तो पाण्याचा आहे. जी गोष्ट पेल्यात फुगते ती घशातही फुगू शकते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ग्लुकोमॅननच्या गोळ्या अन्ननलिकेत अडकू लागल्या आणि त्यांच्यावर बंदी आली. १९९० च्या सुमारास अमेरिकेत गवार डिंकाच्या वजन घटवणाऱ्या गोळ्यांनी तेच केलं. गोळी पोटात पोचायच्या आतच ओली होऊन सुजली, काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा जीवही गेला. आज अमेरिकेत इसबगोलाच्या डब्यावर पुरेसं पाणी न घेतल्यास घसा बंद होऊ शकतो असा इशारा छापावाच लागतो. गिळायला आधीच त्रास होणाऱ्यांनी, अन्ननलिका किंवा आतडं अरुंद झालेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

घशातून सुखरूप उतरलं तरी हिशेब संपत नाही. आतड्यात पाणी कमी पडलं तर तोच मऊ गोळा घट्ट होतो आणि बद्धकोष्ठाचं औषध म्हणून घेतलेली पुडी बद्धकोष्ठ वाढवते. क्वचित आतडंच तुंबतं. सोलापूरच्या मे महिन्यात हे जास्त लक्षात ठेवायला हवं. पारा ४२-४३ ला टेकलेला, यंत्रमागाच्या शेडमध्ये अंगातलं बरंच पाणी घामावाटे गेलेलं, आणि वर कामाच्या घाईत दिवसभरात दोन तांबे पाणीही पोटात गेलेलं नसतं. अशा अंगाला फुगणारा तंतू देणं म्हणजे कोरड्या विहिरीत पंप टाकणं.

औषधांचं दुखणं मात्र फारसं कोणी सांगत नाही. जेलीत इतर गोळ्याही गुरफटतात. थायरॉईडच्या गोळीचं शोषण त्यामुळे घटू शकतं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं आणि ते किती, हे डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर अपेक्षेपेक्षा खाली येऊ शकते. इसबगोलाची पूड नाकात जाऊन दमा किंवा ॲलर्जी झाल्याचीही उदाहरणं आहेत, विशेषतः रोज ती हाताळणाऱ्या परिचारिकांमध्ये.

आपल्या ताटात तंतू आधीपासून आहेत, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तांदळात जेमतेम ३. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी चावावी लागते, सावकाश पोटात जाते आणि तिच्याबरोबर आमटीचं पाणीही जातं. शेंगाचटणीवर मात्र हात आवरा, तिच्या तेलाचा हिशेब कोणतीही पुडी भरून काढत नाही.

तरीही पुडी घ्यायचीच असेल तर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, भरल्या पेल्यात कालवून लगेच प्या, वर आणखी एक पेला पाणी, आणि झोपताना नकोच. छातीत काही अडकल्यासारखं वाटलं, लाळही गिळता येईना, उलट्या सुरू झाल्या किंवा पोट कडक होऊन वायूही सरेना, तर थेट रुग्णालय गाठा.

आणि ओट्यावरचा तो पेला मोरीत ओतू नका. कचऱ्यात टाका, जाळीवर बसला तर निघत नाही.