शोकांतिकेची मराठी वाट आणि कोल्हापूर प्रकरण

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. तिथल्या १०१ दिवसांत आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे काम केले. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ नावाने छापून आले. त्याच वर्षी डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. वय अवघे वीस.

वेड्या ठरवलेल्या राजासाठी तुरुंगवास भोगणारा माणूस वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राला मराठीत आणतो, हा योग मला विलक्षण वाटतो. तरीही नाट्यप्रकार म्हणून पाहिले तर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महाराजांचा शेवट काळीज पिळवटणारा, पण त्यांच्या हाती कुणी काही ठेवलेच नव्हते. शोकांतिकेला नायकाची स्वतःची करणी लागते.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच सांगितले: नायक ना अगदी निर्दोष, ना दुष्ट, तो आपल्याच चुकीमुळे कोसळतो आणि पाहणाऱ्याच्या मनात कणव व भीती जागी होते. हॅम्लेटला बापाचा खून करणारा चुलता प्रार्थना करताना एकटा सापडतो. पापात बुडालेला असताना मारू, म्हणून तो हात आवरतो. पुढच्याच प्रवेशात पडद्याआड कोण आहे हे न बघता तलवार खुपसतो आणि दरबारातला मंत्री पोलोनियस मरतो. तिथून माघार नाही.

आपल्याकडे करुणरस होताच. पण ‘उत्तररामचरिता’तही अखेर राम-सीता भेटतात, भासाचे ‘ऊरुभंग’ हा अपवाद. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) मृत्यूवर संपते, मात्र पेशव्यांना क्षय नेतो. माझ्या मते ते शोकांत आहे, शोकांतिका नव्हे. गणपतराव जोशींनी रंगवलेला ‘विकारविलसिता’तला चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, आणि ‘ऑथेल्लो’वरून बेतलेला देवलांचा ‘झुंझारराव’ यांनी प्रेक्षकांना शोकांतिकेची खरी ओळख करून दिली.

मग १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. इथे राजवाडा नाही, वकिलाचे घर आहे. कोर्टात खटका उडून सनद गेल्यावर मानी सुधाकर तळीरामाच्या हातून पहिला पेला घेतो. पुढे तो दारू सोडतोसुद्धा. नोकरी मागायला ओळखीच्यांकडे जातो, अपमान होतो आणि पुन्हा पेला उचलतो. प्रेक्षकाला खरी भीती वाटते ती या दुसऱ्या वेळी.