पंप ‘ओढत नाही’ म्हणून परत आणण्याआधी

नाक साफ करायचे जे पंप बिघडले म्हणून आमच्याकडे परत येतात, त्यातले बहुतेक धडधाकट असतात. फुगा शाबूत, टोकाला चीर नाही, वाटीभर पाण्यात दाबून सोडला की पाणी झटकन वर ओढतो. तक्रार मात्र ठरलेली असते: “बाळाचं नाक चोंदलंय, दिवसभर पंप लावतोय, काही येत नाही, उलट नाक जास्तच बंद झालंय.” शेवटचं वाक्य अगदी खरं असतं. म्हणूनच हे पत्रक आता पंपाच्या प्रत्येक डब्यात घालतो.

अशा वेळी आम्ही एकच विचारतो, आधी नाकात सलाईनचे, म्हणजे मोजून मीठ घातलेल्या पाण्याचे, थेंब घातले होते का? बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असतं. थेंब घातले की बाळ रडतं, किंवा पंप असताना थेंब कशाला, असं वाटलेलं असतं. कोरड्या नाकात शेंबडाची खपली घट्ट चिकटलेली असते. पंप लावला की ती सुटत नाही, सगळी ओढ नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेवर बसते आणि ती सुजते. तान्ह्या बाळाच्या नाकातली वाट मुळातच जेमतेम काही मिलिमीटरची, त्यामुळे एवढीशी सूजही पुरते. नाक आणखी बंद वाटतं, म्हणून पुन्हा पंप, पुन्हा सूज. संध्याकाळपर्यंत नाकात शेंबूड उरलेलाच नसतो, उरते ती सूज. आणि सूज कुठलाच पंप बाहेर काढू शकत नाही, आमचाही नाही आणि महागातला विजेवरचाही नाही.

तेव्हा आधी थेंब. कुपी मिनिटभर मुठीत धरा, गार थेंबांनी बाळ दचकतं. बाळाला पाठीवर निजवून प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडा, कुपीचं टोक नाकाला लागू देऊ नका. मग साधारण मिनिटभर थांबा. हे थांबणंच लोक गाळतात, आणि शेंबूड सैल होतो तो याच वेळात. पुष्कळदा बाळ दोन शिंका देतं आणि पंपाची गरजच राहत नाही, बाहेर आलेलं मऊ कापडाने टिपून घेतलं की झालं.

पंप लागलाच, तर फुगा नाकाबाहेरच पूर्ण दाबा आणि दाबलेला तसाच धरून टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा. आत खुपसायचं नाही. आता बोटं हळूहळू सैल सोडा. टोक आधी नाकात घालून मग फुगा दाबला, तर सगळी हवा आणि तिच्याबरोबर शेंबूडही आत ढकलला जातो. एका नाकपुडीत एकदा, फार तर दोनदा. आलं नाही तर सोडून द्या.

वेळ निवडायची ती दूध पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. पोट भरल्यावर हे केलं तर प्यायलेलं उलटून पडू शकतं. तान्ही बाळं प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात, म्हणून नाक चोंदलं की दूध ओढता ओढता सोडतात, दमतात, चिडतात. अशा वेळी थोडं थोडं, पण वारंवार पाजावं. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त पंप नको. आणि नाकात घुरघुर होत असली तरी बाळ नीट दूध पीत असेल, शांत झोपत असेल, तर त्याच्या नाकाला पंप लावू नका. पहिल्या काही आठवड्यांत सर्दी नसतानाही शिंका आणि घुरघुर असतेच. निव्वळ तेवढ्यासाठी पंप घ्यायला आलेल्यांना आम्ही थेंब देऊन परत पाठवतो.

थेंब घरी मिठाचं पाणी करून घालू नयेत. सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. घरच्या चमच्याने ते प्रमाण जमत नाही, आणि खारट पाण्याने नाक चुरचुरतं. आम्ही एका वेळेच्या लहान कुप्या ठेवतो. फोडलेली कुपी उरली तर फेकून द्या, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

नाक मोकळं करणारे औषधी थेंब, कापूर-मेंथॉलचा बाम आणि सर्दीची सिरपं आम्ही तान्ह्यांसाठी विकत नाही, कितीही आग्रह झाला तरी. या वयात ती धोक्याची असतात. नाकात तेलही नको, ते फुफ्फुसात उतरू शकतं. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ देताना भाजण्याची भीती असते. उशी लावून डोकं उंच करू नये, बाळ सपाट गादीवर पाठीवरच झोपवावं.

सर्दी आठवडा-दहा दिवस, कधी दोन आठवडेही रेंगाळते. मध्येच शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असं नाही. पण पुढच्या गोष्टींसाठी आम्हाला फोन करू नका, थेट डॉक्टरकडे जा, रात्र असली तरी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप. अंग गार पडणं. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजून ६० किंवा जास्त श्वास. पोट उडणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, नाकपुड्या फुगणं, कण्हणं, श्वास मध्येच थांबणं, ओठ निळे दिसणं. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, किंवा बराच वेळ लंगोट कोरडाच.

उघडलेला पंप आम्ही परत घेत नाही, यावरून काहीजण नाराज होतात. तो एका बाळाच्या नाकाला लागलेला असतो. तो पुसून दुसऱ्याला विकणं आम्हाला जमणार नाही. जुळ्यांनाही दोन वेगळे पंप ठेवा. खरोखर बिघाड असेल, तर पंप घेऊन या, तुमच्यासमोर पाण्यात दाबून बघू, आणि ओढत नसला तर लगेच बदलून देऊ.

आमचा पंप दोन भागांत उघडतो, म्हणून बंद फुग्यापेक्षा थोडा महाग आहे. बंद फुग्यात आत ओल राहते आणि काळी बुरशी धरते, जी बाहेरून दिसतही नाही. प्रत्येक वापरानंतर भाग सुटे करून कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने खळबळा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. जुना बंद फुगा वापरत असाल, तर साबणाचं पाणी आत ओढून पाच-सहा वेळा बाहेर सोडा, नंतर साध्या पाण्याने तसंच करा आणि टोक खाली ठेवून वाळवा. आमच्या पंपाचं टोक सैल झालं तर नुसतं टोक वेगळं मिळतं, त्यासाठी अख्खा पंप नवा घ्यावा लागत नाही.